परकं गिऱ्हाईक

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी बोलताना हल्ली एक संवाद हमखास घडतो. "पुढे काय करायचंय?" "स्वतःचं काहीतरी. स्टार्टअप." "कशाचं?" "ते अजून ठरलं नाही." यावर आजूबाजूची मोठी माणसं हसतात. मला हसू येत नाही. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीला तरी कुठे ठाऊक असतं की ती कोणाचा कुठला आजार बरा करणार आहे? आधी ओढ आणि मग तपशील, हे त्या वयाला साजेसंच आहे. मला खटकतं ते पुढचं वाक्य. जरा वेळ गप्पा झाल्या की मूल आवाज खाली आणून म्हणतं, "पण मोटिव्हेशन टिकत नाही."

आणि मग कळतं की ते टिकवण्यासाठी काय काय चाललंय. रोज झोपण्यापूर्वी कुणा अब्जाधीशाची मुलाखत ऐकायची. पहाटे पाचला उठण्याचं आव्हान घ्यायचं, चौथ्या दिवशी सोडायचं आणि पाचव्या दिवशी स्वतःला दोष द्यायचा. एखादा 'विशीच्या आत आर्थिक स्वातंत्र्य' छापाचा कोर्स घ्यावा का, यावर आईबाबांशी वाद घालायचा. या सगळ्या व्यवहारात उद्योजक आहे, माल आहे, जाहिरात आहे आणि गिऱ्हाईकही आहे. फक्त ते गिऱ्हाईक म्हणजे आपलं मूल. उद्योग शिकायला गेलेल्या पोराला पहिला धडा मिळतो तो खरेदीचा, आणि हे त्याच्या लक्षात आणून द्यायला सहसा कोणी नसतं.

माझं मत हळूहळू असं बनत गेलंय की या वयात उद्योगाची ओढ लागायला भाषणाचा फारसा उपयोग नसतो. घराबाहेरचं, ओळखीपाळखीच्या पलीकडचं कोणीतरी आपल्या हातच्या कामाला पैसे मोजतं, तेव्हा काहीतरी हलतं. रक्कम किती हा प्रश्न जवळजवळ गौण. देणारा कोण, यावर सगळं असतं.

हे मला दिसलं ते माझ्या भाच्यामुळे. तो इयरफोन दुरुस्त करायचा. अजूनही करतो, पण त्याकडे नंतर येते.

इयरफोनची वायर तुटते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, जॅकच्या (फोनमध्ये खुपसायच्या टोकाच्या) तोंडाशी, जिथे ती खिशात सतत दुमडली जाते. वरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं, आतली तार गेलेली असते. मग लोक वायर वाकवून, दाबून, एका विशिष्ट कोनात धरून गाणी ऐकतात आणि एके दिवशी तोही कोन संपतो. भाच्याने पहिल्यांदा ती वायर कापली तेव्हा मी शेजारीच होते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा, रंगीत: लाल ती उजव्या कानाची, हिरवी डाव्याची, उरलेली तांबूस ती दोन्हींची सामाईक. त्याने त्या नव्या जॅकला सोल्डर करायला, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडायला घेतल्या आणि सोल्डर काही केल्या धरेना. थेंब तारेवरून पाऱ्यासारखा घरंगळून जायचा. कारण तो रंग म्हणजे नुसता रंग नसतो. तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होऊ नयेत म्हणून दिलेला तो लाखेसारखा मुलामा असतो, आणि तो जाळून काढल्याशिवाय धातू धातूला भेटत नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळलेल्या सोल्डरचा मोठा थेंब घ्यायचा, तारेचं टोक त्यात धरायचं, एक उग्र वास येतो, बारीक धूर निघतो आणि टोक चंदेरी होऊन बाहेर येतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच तारा वाया घालवल्यावर सापडलं. (खिडकी उघडी ठेव, हे मात्र मला सांगावं लागलं.)

मग घरभर दुरुस्तीची लाट आली. त्याचा स्वतःचा इयरफोन झाला, ताईचा झाला, माझा झाला. आम्ही कौतुक केलं, फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. त्याच्या आजोबांनी खूश होऊन पैसे दिले. त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून आयर्नही त्याच ड्रॉवरमध्ये गेलं. ताई म्हणाली, "झालं, याचं हे असंच. चार दिवसांची हौस."

पुढे शाळेतल्या वरच्या वर्गातली एक मुलगी, मित्राच्या बहिणीची मैत्रीण असं काहीतरी दूरचं नातं, आपला हेडफोन घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने विचारलं, "किती घेशील?" याच्याकडे उत्तरच नव्हतं. संध्याकाळी मला फोन. "मावशी, किती घेऊ?" मी म्हटलं, जॅक केवढ्याला येतो, वेळ किती जातो, आणि नवा हेडफोन केवढ्याला मिळतो, हे तिन्ही लिही आणि तूच सांग. त्याने आकडा काढला. तिने घासाघीस केली. याने थोडं कमी केलं आणि तिने पैसे दिले. त्या रात्री त्याने मला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आणि रकमेचा उल्लेख त्यात एकदाही नव्हता. "मावशी, तिने आधी दोन्ही कानांत ऐकून बघितलं. मग पैसे दिले. ओळखत पण नाही ती मला."

ओळखत पण नाही ती मला. मी त्या वाक्यावर बराच विचार केला.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आजवर कोणी कोणी जोखलेलं असतं? आईवडिलांनी, शिक्षकांनी, परीक्षकांनी, मित्रांनी. यातल्या प्रत्येकाचं त्याच्याशी आधीच काही ना काही लागतं. शिक्षकाला गुण द्यावेच लागतात, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. आईला कौतुक करावंसं वाटतंच, आणि बापाला बहुधा टोकावंसं. मुलांना हे व्यवस्थित कळतं. म्हणून घरच्या शाबासकीने ती खूश होतात, पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. परक्या गिऱ्हाइकाला मात्र त्यांच्याबद्दल काहीही वाटण्याची गरज नसते. ते पाठ फिरवून जाऊ शकतं. आणि जाऊ शकत असूनही ते थांबलं, खिशात हात घातला, याचा अर्थ काम खरोखरच चांगलं झालंय. असला निर्विकार पुरावा त्या वयात दुसरीकडे मिळत नाही. खेळाच्या मैदानावर मिळतो थोडाफार, तिथेही मुलगा ज्यांच्यासाठी खेळतो ती माणसं आपलीच असतात.

विल्यम हेन्री पर्किनची गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत योगायोगाने लागलेल्या शोधाचं उदाहरण म्हणून येते. मला ती एका पत्राची गोष्ट वाटते.

१८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमधल्या राहत्या घरी, स्वतः उभ्या केलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत, क्विनीन बनवायचा प्रयत्न करत होता. मलेरियावरचं ते औषध झाडाच्या सालीपासून मिळायचं आणि महाग पडायचं. ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून बनवता येईल, असं त्याच्या गुरूंना, ऑगस्ट विल्हेल्म हॉफमनना वाटत होतं. क्विनीन काही बनलं नाही. ॲनिलीनवर प्रयोग करताना हाती काळा गाळ आला. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला तर जांभळा रंग उतरला. रेशमाला लावला तर रेशीम रंगलं, धुतलं तरी राहिलं, उन्हात ठेवलं तरी विटलं नाही. इथवर शोध झाला. उद्योग अजून कुठेच नाही.

घरी भाऊ थॉमस मदतीला होता. पण भाऊ भाऊच असतो. पर्किनने रंगवलेल्या कापडाचा नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या रंगारी कारखान्याला पाठवला. तिथल्या लोकांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तिथून उत्तर आलं त्याचा आशय असा की, या रंगामुळे माल फार महाग होणार नसेल तर हा बऱ्याच काळातला अतिशय मोलाचा शोध आहे. त्या वाक्यातला 'महाग होणार नसेल तर' हा भाग मला फार आवडतो. आईने हे कधीच म्हटलं नसतं. त्यात स्तुती आहे आणि अटही आहे, आणि पोराला कामाला लावलं ते या दोन्हींनी मिळून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पेटंट घेतलं. इतक्या लहान वयाच्या माणसाला पेटंट देता येतं का, याबद्दल तेव्हा कायदेशीर शंका निघाली होती आणि तिच्यावर वकिलाचं मत घ्यावं लागलं होतं.

हॉफमनना हे अजिबात रुचलं नाही. हुशार विद्यार्थी रंगाच्या धंद्यात जातोय, म्हणजे वाया जातोय, असं त्यांना वाटलं. पर्किनने कॉलेज सोडलं. वडील बांधकामाच्या धंद्यातले. त्यांची सुरुवातीची इच्छा वेगळी होती, पण त्यांनी साठवलेले पैसे मुलाच्या कारखान्यात घातले, भाऊही उतरला, आणि १८५७मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्डला काम सुरू झालं.

खरा उद्योग तिथून पुढे आहे आणि तो शोधापेक्षा कितीतरी किचकट होता. घरात चमचाभर लागणारं ॲनिलीन आता पिंपांनी हवं होतं आणि ते तयार मिळत नव्हतं. डांबरातून बेंझिन, बेंझिनपासून नायट्रोबेंझिन, त्यापासून ॲनिलीन, ही सगळी साखळी कारखान्यात स्वतःच उभी करावी लागली. पुरेसं तीव्र नायट्रिक आम्ल बाजारात मिळेना, तर चिलीहून येणारा सोरा आणि गंधकाम्ल यांवर भागवलं. रेशमावर झकास बसणारा रंग सुती कापडावर टिकेना. त्यासाठी टॅनिनसारखे पदार्थ वापरून कापड आधी तयार करायची पद्धत बसवावी लागली, आणि मग हा विशीतला मुलगा रंगाऱ्यांकडे स्वतः जाऊन आपला रंग कसा वापरायचा ते त्यांना शिकवत फिरला. नशिबाचाही भाग होताच. जांभळ्या रंगाची फॅशन तेव्हा युरोपात चढत होती, आणि १८५८मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात त्याच छटेचा पोशाख घालून आली.

जे पोरगं 'मोटिव्हेशन टिकत नाही' म्हणतं, त्याला मला हा मधला तुकडा ऐकवावासा वाटतो: आम्ल, पिंपं, टॅनिन आणि न पटणारे रंगारी. पर्किनला हुरूप टिकवण्यासाठी वेगळं काही करावं लागलं असेल असं वाटत नाही. तिकडे कोणीतरी माल मागत होतं, वाट बघत होतं. कोणी वाट बघत असेल तर माणूस उठतो. आणि या गोष्टीला एक शेपूट आहे, जे प्रेरणादायी व्याख्यानांत सहसा कापलं जातं. छत्तिसाव्या वर्षी, १८७४मध्ये, पर्किनने चालता धंदा विकला आणि तो पुन्हा संशोधनाकडे वळला. एकदा उद्योजक म्हणजे जन्मभर उद्योजक, असं काही त्याने स्वतःवर लिहून घेतलं नव्हतं.

शाळांना हल्ली उद्योजकतेचं महत्त्व पटलंय, ही चांगली गोष्ट. पण त्यांनी ते शाळेच्याच पद्धतीने पटवून घेतलंय. कल्पना मांडायच्या स्पर्धा होतात, चार परीक्षक बसतात, स्लाइड्स दाखवल्या जातात, शेवटी करंडक. भाच्याच्या शाळेत अशी स्पर्धा मी पाहिली. पहिलं बक्षीस मिळालेली कल्पना छान होती, मांडणी त्याहून छान. स्पर्धा झाली, कल्पना संपली. कारण ती गिऱ्हाइकासाठी नव्हतीच, परीक्षकांसाठी होती, आणि परीक्षकांची गरज त्या संध्याकाळीच भागली.

१९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग यासंदर्भात आठवतो. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून रंगीत पेनं उचलतं ते पाहिलं. ज्यांनी प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढली होती, ती मुलं इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. बाकी दोन्ही गटांचा ओढा शाबूत होता.

आता इथे कोणीही चाणाक्ष वाचक मला अडवेल. मग गिऱ्हाइकाचे पैसे म्हणजे तरी काय? बक्षीसच ना? त्यानेही आवड मरायला हवी. शंका रास्त आहे आणि काही वेळा ती खरीही ठरते. छंदाचा धंदा केला आणि छंदच गेला, अशी माणसं मी पाहिली आहेत. पण प्रेरणेवर आयुष्यभर काम केलेल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी एक फरक दाखवून दिलाय तो इथे उपयोगी पडतो. 'मी सांगतो ते कर, मग देतो' असं बक्षीस माणसाला दुसऱ्याच्या ताब्यात नेतं. 'तुला हे जमतंय' अशी खबर देणारा मोबदला तसं करत नाही, उलट बळ देतो. काय करायचं, कसं करायचं, केवढ्याला द्यायचं आणि नाही म्हणायचं का, हे मुलाच्या हातात असेल तर मिळालेले पैसे बहुतांशी खबर म्हणूनच पोचतात. आजोबांनी दिलेले पैसे माया होती. त्या मुलीने दिलेले पैसे खबर होती.

काही दिवसांनी ती मुलगी परत आली. डावा कान बंद. याचा चेहरा उतरला. घरी आला, वायर उघडली, तर हिरव्या तारेचा मुलामा अर्धवटच जळलेला, सांधा नुसता चिकटल्यासारखा, आणि वायरीला ताण बसला की तो थेट सांध्यावर यायचा. त्याने पुन्हा केलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून जॅकच्या आत वायरीला एक बारीक गाठ मारायला लागला, म्हणजे ओढ गाठीवर येते, सांध्यावर येत नाही. वरून गरम केल्यावर आकसणारी नळी. प्रत्येक दुरुस्तीनंतर वायर मुद्दाम ओढून, वाकवून, पिळून बघायची. हे सगळं त्याला मी सांगितलं असतं तर "हो गं मावशी" म्हणून सोडून दिलं असतं. तक्रारीने एका संध्याकाळीत काम झालं. आणि गंमत बघा, तक्रार घेऊन आलेल्या त्याच मुलीने नंतर आपल्या वर्गातली आणखी मुलं त्याच्याकडे पाठवली.

'कशाचं ते ठरलं नाही' म्हणणाऱ्यांसाठी इंग्वार काम्प्राडचं उदाहरण मला बरं वाटतं. स्वीडनच्या स्मॉलांड भागातल्या शेतावर वाढलेला हा मुलगा लहानपणीच काडेपेट्या विकायचा. त्याला उमगलं होतं ते एवढंच, की स्टॉकहोमहून घाऊक मागवल्या की त्या इतक्या स्वस्त पडतात की सुट्या विकताना दर कमी ठेवूनही हातात काही उरतं. काडेपेट्यांनंतर मासे, बियाणं, नाताळची सजावट, पेनं, जे खपेल ते. १९४३ साली, सतराव्या वर्षी, शाळेत चांगला निकाल लावल्याबद्दल वडिलांनी दिलेल्या पैशांतून त्याने कंपनी नोंदवली. आपलं नाव, शेताचं नाव आणि गावाचं नाव यांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं आयकिया. जिच्यामुळे आयकिया आज जगाला ठाऊक आहे ती फर्निचरची विक्री मात्र १९४८मध्ये सुरू झाली. म्हणजे कंपनी आधी आणि 'कशाचं' याचं खरं उत्तर पाच वर्षांनी. विक्रीची सवय तेवढी पहिल्यापासून होती.

पुढे नामांकित गुंतवणूकदार झालेला वॉरन बफेट शाळेत असताना त्याने आणि त्याच्या मित्राने पंचवीस डॉलरला एक जुनं पिनबॉल मशीन घेऊन न्हाव्याच्या दुकानात ठेवलं होतं, आणि येणाऱ्या गल्ल्यात न्हाव्याशी वाटणी केली. धंदा वाढला तसे न्हावी नवी मशीनं मागायला लागले. पोरांनी काय करावं? "आमच्या मिस्टर विल्सनना विचारून सांगतो." असा कोणी विल्सन नव्हताच. दोन शाळकरी पोरं हेच मालक आहेत हे न्हाव्यांना पचणार नाही, म्हणून त्यांनी एक मोठा माणूस कल्पनेतून उभा केला होता. खोटेपणाचं मी समर्थन करत नाही. पण या वयात धंदा करणाऱ्याची मुख्य अडचण त्यात नेमकी दिसते: लोकांना मुलाशी व्यवहार करायचा नसतो. बहुतेक देशांत कायदाही अल्पवयीन मुलाच्या करारावर बंधनं घालतो, बँकेत पालकाची सही लागते. हे सगळं असूनही जो व्यवहार होतो, तो म्हणूनच इतका गोड लागतो.

इथपर्यंत वाचून एखाद्या पालकाने मुलाची शाळा सुटायची वाट न पाहता त्याला दुकानात बसवायचं ठरवलं असेल तर जरा थांबावं. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संस्थापकांच्या वयाचा एक मोठा अभ्यास पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केला. कंपनी काढतानाचं सरासरी वय निघालं सुमारे ४२. आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याला तिशीत सुरुवात करणाऱ्यापेक्षा असं यश मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावर ठसवणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. पाचवीपासून त्याच मुलाला दहावीसाठी हेच वाक्य ऐकवलेलं असतं. आता उद्योगासाठी पुन्हा?

कॉलेज सोडणाऱ्यांच्या दंतकथांचंही तेच. मायकेल डेलने १९८४ साली वसतिगृहाच्या खोलीतून कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली आणि कॉलेज सोडलं, हे सगळ्यांना माहीत. पण माल आधी खपायला लागला आणि कॉलेज नंतर सुटलं, हा क्रम सांगताना उलटा होतो.

आणखी एक गोष्ट मनात सलते. काही मुलं दहाव्या-बाराव्या वर्षापासून परक्या गिऱ्हाइकांशीच बोलत असतात, कारण घर त्यावर चालतं. माल मांडतात, मोड हिशेबाने परत देतात, तोंड बघून भाव सांगतात, उधारी लक्षात ठेवतात. या मुलांना कोणी 'युवा उद्योजक' म्हणत नाही. त्यांची कीव करतात, किंवा त्यांच्याकडे काणाडोळा करतात. आणि माझ्या भाच्याने चार इयरफोन जोडले तर त्यावर मी लेख लिहिते. फरक कौशल्यात नाही, फरक सोडून देण्याच्या मुभेत आहे. भाचा कंटाळला तर आयर्न ड्रॉवरमध्ये ठेवू शकतो. त्यांना ती सोय नाही. हौशीने केलेला धंदा आणि गरजेने केलेला धंदा दोन्ही माणसाला शिकवतात, पण दुसरा त्याची फी फार लवकर आणि फार जबर घेतो. शाळांच्या त्या स्पर्धांत परीक्षक म्हणून खरं तर अशा एखाद्या मुलाला बसवायला हवं. स्लाइड्सना तो भुलणार नाही.

घरच्यांनी मग करायचं काय? माझा अनुभव असा की कमी करावं. सोल्डरिंगला उजेड आणि हवा आहे ना ते बघावं, चार्जरचा ॲडॉप्टर उघडायचा नाही हे ठणकावून सांगावं, कारण तिथे घरातली वीज असते आणि तिथे प्रयोग नकोत. हिशेबाची वही घालून द्यावी आणि तिच्यात स्वतःच्या वेळाचाही रकाना असू द्यावा. भाच्याच्या वहीत तो बराच काळ कोराच होता. भरायला लागल्यावर त्याला कळलं की स्वस्त इयरफोन जोडण्यात काही अर्थ नाही, महागडे हेडफोन तेवढे परवडतात. मी 'तुझी किंमत चुकतेय' असं चारदा म्हटलं असतं तरी ते त्याच्या डोक्यात शिरलं नसतं. आणि मायेपोटी गिऱ्हाईक होऊ नये. होता येईल तेवढं परकं व्हावं. हे सर्वांत अवघड.

धंद्याचं म्हणाल तर तो आटतोय. २०१६मध्ये ॲपलने फोनमधलं हेडफोनचं भोकच काढून टाकलं, इतरही बरेच त्या वाटेने गेले, आणि वायर नसलेल्या इयरफोनची बॅटरी गेली की ते उघडताना बहुधा मोडतातच. भाच्याला हे माझ्याआधी दिसलं. शाळेच्या वाद्यवृंदातल्या मुलांच्या गिटारच्या केबल आणि माइकच्या वायरी तो आता बघतो. तारा जाड, सांधे मोठे, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे निरीक्षण त्याचंच. मध्यंतरी एकाने ॲम्प्लिफायर आणला होता. याने हात लावला नाही, "हे मला येत नाही" म्हणून परत पाठवला. ताईला वाटलं, घाबरला. मला वाटलं, मुरतोय.

उद्योजक होणार का, ते मला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. सध्या परीक्षा जवळ आल्यामुळे कामं आठवड्यातून एकाच दिवशी घेतो, आणि तसं त्याने दारावर कागद चिकटवून जाहीर केलंय. परवा ताईचा फोन आला, तणतणतच. त्याच्या बाबांचा हेडफोन आठवडाभर टेबलावर पडून आहे आणि हा हात लावायला तयार नाही. विचारलं तर म्हणाला, "बाबांना सांग, आधी बाहेरच्यांची कामं. घरचे काय, कुठे जाणारेत?"